औषध कारखान्याच्या सांडपाण्यातील प्रतिजैविके विजेने कशी मोडायची: बीकरपासून प्लांटपर्यंत

स्वीडनमधील योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हैदराबादजवळच्या पाटनचेरूचे पाणी तपासून जे आकडे प्रसिद्ध केले, ते आजही अस्वस्थ करतात. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया होऊन गेलेल्या पाण्यात, सिप्रोफ्लोक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढे सिप्रोफ्लोक्सासिन नसते. अशा पाण्यात तगून राहणारे जिवाणू या औषधाला दाद न द्यायला शिकलेलेच असतात, आणि ते कारखान्याच्या कुंपणाआड थांबत नाहीत.

तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम, महाड या आपल्या वसाहतींतही बल्क ड्रगचे (गोळ्यांत घालायच्या मूळ औषधाचे) कारखाने आहेत. तिथे ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) सांभाळणाऱ्या केमिस्टसाठी, इंजिनिअरसाठी आणि या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून सिप्रोफ्लोक्सासिनच घेतो. एक गोष्ट आधीच ठासून सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: विजेने सगळा सीओडी (पाण्यातला सेंद्रिय भार, तो जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये मोजलेला) जाळायला जाऊ नका. औषधाचा रेणू मोडेल आणि त्याची जिवाणू मारण्याची ताकद जाईल एवढीच वीज द्या. उरलेले काम जैविक टाकीतले जिवाणू फार स्वस्तात करतात.

पद्धत अशी आहे. सांडपाण्यात दोन इलेक्ट्रोड ठेवून डीसी करंट सोडला की ॲनोडच्या (धन इलेक्ट्रोडच्या) पृष्ठभागावर पाण्यापासूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात. त्यांचे ऑक्सिडीकरण विभव (दुसऱ्या रेणूतून इलेक्ट्रॉन खेचण्याची ताकद) सुमारे २.८ व्होल्ट आहे, ओझोनचे २.०७ आणि क्लोरीनचे १.३६. त्यांच्यापुढे जवळजवळ कुठलाच सेंद्रिय रेणू टिकत नाही. मात्र त्यांचे आयुष्य इतके अल्प असते की ते पाण्यात दूरवर जात नाहीत. सारी प्रक्रिया ॲनोडला लागून असलेल्या पातळ थरात घडते. म्हणून औषधाचा रेणू ॲनोडपर्यंत किती वेगाने पोहोचतो, यावरच सगळे अवलंबून असते.

पायरी १: योग्य पाणी वेगळे काढा

कारखान्यातले सगळे पाणी इक्वलायझेशन टाकीत एकत्र झाले की खेळ अर्धा हरलेला असतो. मदर लिकर (औषधाचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेले द्रावण), सेंट्रिफ्यूजमधल्या केकचे (ओल्या औषधाच्या थराचे) धुणे आणि रिॲक्टर धुतल्याचे पहिले पाणी यांतच बहुतेक औषध असते. त्यात कूलिंग टॉवरचा ब्लोडाऊन (तिथून काढून टाकलेले पाणी) आणि मजला धुतल्याचे पाणी मिसळले की औषध विरळ होते, पाण्याचे आकारमान अनेक पटींनी वाढते आणि रेणू ॲनोडपर्यंत पोहोचण्याचा वेग मंदावतो. करंट मग औषधाऐवजी ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात वाया जातो. वेगळी पाइपलाइन आणि वेगळी टाकी यांचा खर्च व्यवस्थापनाला पटवून देणे हे या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत फायद्याचे पाऊल आहे.

वेगळे काढलेले पाणीही सरसकट विजेकडे नेऊ नका. ॲमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलिन गटातल्या औषधांची बीटा-लॅक्टम कडी नुसता पीएच ११-१२ पर्यंत चढवून थोडी उष्णता दिली तरी उघडते आणि औषधाची ताकद जाते. जिथे कॉस्टिक सोड्याने काम होते तिथे हिऱ्याचे इलेक्ट्रोड (पायरी ३ पाहा) लावण्यात अर्थ नाही. सिप्रोफ्लोक्सासिन, कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक यांना असे सोपे उत्तर नाही. वीज त्यांच्यासाठी राखा.

दुसरी अट सॉल्व्हंटची. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन, मिथेनॉल आधी स्ट्रिपरमध्ये (सॉल्व्हंट उडवून वेगळे करणाऱ्या यंत्रात) काढून घ्या. ते पाण्यात राहिले तर बहुतेक करंट तेच खातात. शिवाय पाण्यात क्लोराइड असेल तर ॲनोडवर हायपोक्लोराइट तयार होते आणि ॲसिटोनशी त्याची गाठ पडली की क्लोरोफॉर्म बनतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होऊन ॲसिटोनच होत असल्याने तेही याच वाटेने जाते.

पायरी २: पाण्याची कुंडली मांडा

पाण्याचे किमान एका संपूर्ण उत्पादनचक्राचे मिश्र नमुने घ्या. एका बॅचवरून काही ठरवू नका. पीएच, चालकता, सीओडी, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन), क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फेट, अमोनिया, कॅल्शियम, मॅग्नेशियम, निलंबित घन पदार्थ आणि खुद्द औषधाचे प्रमाण, एवढ्या तपासण्या हव्यातच. औषध एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. सिप्रोफ्लोक्सासिनसाठी यूव्ही डिटेक्टर २७८ नॅनोमीटरच्या आसपास ठेवतात. नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर विसंबू नका. मोडलेल्या रेणूचे तुकडेही त्याच भागात प्रकाश शोषतात आणि औषध शिल्लक आहे की नाही याचा अंदाज चुकतो.

सीओडी करताना क्लोराइडकडे लक्ष असू द्या. ते ऑक्सिडीकृत होऊन सीओडी फुगवते. मर्क्युरिक सल्फेट घालूनही लिटरमागे २,००० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड असेल तर नमुना विरळ करणेच बरे. शक्य असेल तिथे टीओसीवर भर द्या.

चालकता सेंटिमीटरला ३ ते ५ मिलीसीमेन्सच्या खाली असेल तर व्होल्टेज चढते आणि वीज पाणी तापवण्यात जाते. अशा वेळी सोडियम सल्फेट घालता येते. मिठाची गोणी स्वस्त मिळते म्हणून मीठ घालण्याचा मोह होतो. तो टाळा; त्याचे कारण पायरी ५ मध्ये येईल. बल्क ड्रगच्या मदर लिकरमध्ये बहुधा क्षार भरपूर असतात आणि वेगळे काही घालावे लागत नाही.

निलंबित घन पदार्थ गाळून घ्या. पाणी कठीण असेल तर कॅल्शियम आधीच कमी केलेले चांगले.

पायरी ३: ॲनोड निवडा

बाजारात तुम्हाला मुख्यतः तीन जातींचे ॲनोड भेटतील.

रुथेनियम किंवा इरिडियम ऑक्साइडचा लेप दिलेला टायटॅनियमचा ॲनोड, म्हणजे एमएमओ, सर्वांत सहज मिळतो. क्लोर-अल्कली उद्योगात तो कित्येक दशके चालतो आहे. त्याच्यावर तयार झालेले रॅडिकल ऑक्साइडलाच चिकटून बसतात, त्यामुळे तो रेणूवर थेट हल्ला फारसा करत नाही. काम करतो ते क्लोराइडपासून बनणाऱ्या क्लोरीनमार्फत. औषध नाहीसे झालेले दिसते खरे, पण क्लोरीनयुक्त तुकडे मागे राहतात.

बोरॉनमिश्रित हिऱ्याचा ॲनोड, बीडीडी, यात सर्वांत समर्थ. त्याच्या पृष्ठभागावर रॅडिकल मोकळे राहतात आणि ऑक्सिजन सुटायला जास्त विभव लागते, म्हणून करंट सेंद्रिय रेणूंकडे वळतो. किंमत जास्त आहे. घेताना आधार कशाचा आहे हे विचारा: टायटॅनियमवरचा हिऱ्याचा लेप सुटण्याची तक्रार जुनी आहे, नायोबियमवरचा जास्त टिकतो.

तिसरा टायटॅनियम सबऑक्साइडचा (ऑक्सिजन थोडा कमी असलेल्या टायटॅनियम ऑक्साइडचा), मॅग्नेली प्रावस्थेचा सिरॅमिक ॲनोड. गुण हिऱ्याकडे झुकणारे आणि सच्छिद्र रूपातही मिळतो. लेड डायऑक्साइडचे ॲनोड स्वस्त आणि बऱ्यापैकी प्रभावी असतात, पण पाण्यात शिसे उतरण्याचा धोका घेऊन औषध काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

सिप्रोफ्लोक्सासिनसाठी मी बीडीडीच निवडीन. एक काळजी मात्र घ्या. या रेणूत फ्लोरीन आहे. १०० मिलिग्रॅम औषध पूर्ण मोडले तर सुमारे ५.७ मिलिग्रॅम फ्लोराइड सुटते. आम्लधर्मी पाण्यात फ्लोराइड टायटॅनियमला खाते, म्हणून पीएच उदासीनच्या जवळ ठेवा. याच फ्लोराइडचा एक फायदाही आहे: आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने ते मोजले की रेणूचा मुख्य सांगाडा किती मोडला याचा स्वस्त आणि झटपट अंदाज मिळतो.

कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) साधा ३१६ स्टेनलेस स्टीलचा चालतो.

पायरी ४: बीकरमधली चाचणी

एक लिटर खरे सांडपाणी घ्या. शुद्ध पाण्यात औषध विरघळवून केलेली चाचणी शोधनिबंधासाठी ठीक आहे. प्लांटसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका. ॲनोडचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर धरू आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये ५ ते १० मिलिमीटर अंतर ठेवू. करंट ०.७५ अँपिअरवर स्थिर करा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३० मिलिअँपिअर. पॉवर सप्लाय स्थिर करंटवर चालवा, व्होल्टेज काय पडेल ते नोंदवत जा. ढवळणे जोरात हवे.

० मिनिटांपासून सुरुवात करून १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी आणि पुढे दर तासाला सहा तासांपर्यंत नमुने घ्या. प्रत्येक नमुन्यापुढे वेळेऐवजी पाण्याला दिलेला विद्युतभार लिहा, अँपिअर-तास प्रति लिटरमध्ये. ०.७५ अँपिअरने एका लिटरला चार तासांत ३ अँपिअर-तास मिळतात. पुढे बीकर आणि प्लांट यांची तुलना याच आकड्यावर होते.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. नमुना काढल्यावरही त्यात हायपोक्लोराइट किंवा परसल्फेट काम करत राहते. एचपीएलसीचा नमुना लगेच सोडियम थायोसल्फेटने शांत करा आणि स्टार्च-आयोडाइडच्या कागदाने खात्री करून घ्या. सीओडीच्या नमुन्यात मात्र जास्तीचे थायोसल्फेट स्वतःच सीओडी दाखवते. तिथे ते मोजूनमापून घाला.

चौरस सेंटिमीटरला ३०, १५ आणि ५ मिलिअँपिअर अशा तीन करंट घनतांवर चाचणी करा. जास्त करंट दिला की काम लवकर होईल, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. ती मर्यादा काढण्याचे सूत्र सोपे आहे: मर्यादित करंट घनता = ४ × ९६,४८५ (फॅरडे स्थिरांक) × वस्तुमान-वहन गुणांक (रेणू ॲनोडपर्यंत पोहोचण्याचा वेग) × सीओडी (घनमीटरला मोलमध्ये). चांगला प्रवाह असलेल्या सेलसाठी (इलेक्ट्रोड बसवलेल्या टाकीसाठी) गुणांक सेकंदाला ०.००००२ मीटर धरला, तर चौरस मीटरला अँपिअरचा आकडा लिटरमागच्या सीओडीच्या मिलिग्रॅमच्या साधारण पाव येतो. सीओडी ५,००० असेल तर मर्यादा सुमारे १,२०० अँपिअर. सीओडी ३०० असेल तर जेमतेम ७२. आपले ३० मिलिअँपिअर म्हणजे चौरस मीटरला ३०० अँपिअर. पहिल्या पाण्यात त्यांतला बहुतेक करंट सार्थकी लागेल, दुसऱ्यात तीन चतुर्थांश वाया जाईल. पाणी वेगळे काढण्याचा आग्रह का धरला ते इथे दिसते. तुमच्या सेलचा गुणांक फेरी-फेरोसायनाइडच्या नेहमीच्या चाचणीने काढून घ्या.

पायरी ५: कुठे थांबायचे

ही या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी. एचपीएलसीवरचे शिखर नाहीसे झाले म्हणजे काम झाले असे मानणे धोक्याचे आहे. सिप्रोफ्लोक्सासिनवर रॅडिकलचा हल्ला झाला की अनेकदा आधी पिपरॅझिनची कडी मोडते. जिवाणूंच्या एन्झाइमला जाऊन चिकटणारा क्विनोलोनचा गाभा तसाच राहतो. मूळ औषध शून्यावर आलेले दिसते आणि पाण्यात प्रतिजैविक गुण शिल्लक असतो.

म्हणून जिवाणूंनाच विचारा. अगार प्लेटवर ई. कोलाय पसरवा, छोट्या विहिरी पाडा, प्रत्येक वेळेचा नमुना त्यांत घाला, रात्रभर ३७ अंशांवर ठेवा आणि विहिरीभोवती स्वच्छ कडे पडते का ते पाहा. नमुना आधी शांत केलेला हवा, नाहीतर कडे क्लोरीनमुळे पडेल. सोबत औषध नसलेले पण तसेच वीज दिलेले आणि शांत केलेले पाणी तुलनेसाठी ठेवा. ज्या विद्युतभाराला कडे नाहीसे होते, तो तुमच्या डिझाइनचा पाया. ही चाचणी कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते.

प्लेट दाखवू शकत नाही इतक्या कमी प्रमाणाचे काय? सिप्रोफ्लोक्सासिनसाठी, प्रतिरोध निवडला जाऊ नये म्हणून सुचवलेली नदीतली पातळी लिटरमागे सुमारे ०.०६ मायक्रोग्रॅम आहे. १० मिलिग्रॅमपासून तिथे उतरायचे तर औषध दीड लाखाहून अधिक पटींनी कमी व्हावे लागते. शेवटचे टप्पे विजेने उतरणे परवडत नाही. जैविक प्रक्रियेनंतर सक्रिय कार्बनचा फिल्टर लावून ते उतरा. आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या उत्पादनातील सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. कायद्यात आकडा नाही म्हणून लक्ष्यच ठेवू नये, हे मला पटत नाही.

थांबण्याची दुसरी बाजू आहे क्लोराइडची. ॲनोडवर क्लोराइडचे क्लोरीन, मग हायपोक्लोराइट, मग क्लोरेट होते, आणि हिऱ्याचा ॲनोड त्याला पुढे परक्लोरेटपर्यंत नेतो. परक्लोरेट थायरॉइडचे आयोडिन अडवते. पाण्यात सेंद्रिय रेणू भरपूर असताना रॅडिकल त्यांच्यात गुंतलेले असतात; ते संपत आले की परक्लोरेटचा आलेख वर चढू लागतो. जास्त वेळ वीज दिली तर पाणी जास्त शुद्ध होईल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. क्लोरेट आणि परक्लोरेट आयन क्रोमॅटोग्राफीवर, क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ एओएक्स (अशा पदार्थांचे एकत्रित माप) म्हणून तपासा. क्लोराइड जास्त असेल तर करंट घनता कमी ठेवा, आणि बाहेरचे पाणी ऑक्सिजन नसलेल्या अनॉक्सिक टाकीत न्या. तिथे सेंद्रिय अन्न मिळाले की काही जिवाणू परक्लोरेट मोडतात. ब्रोमाइड असेल तर ब्रोमेटही मोजा.

पायरी ६: आकडेमोड

समजा, वेगळे काढलेले पाणी रोज ५ घनमीटर आहे, सीओडी ५,००० आहे आणि प्लेटवरचे कडे लिटरला ४ अँपिअर-तासांवर गेले. दिवसाला २०,००० अँपिअर-तास लागतील. प्लांट १६ तास चालवला तर १,२५० अँपिअर, आणि चौरस मीटरला ३०० अँपिअरने ४.२ चौरस मीटर ॲनोड. पाव भाग राखीव धरून साधारण सव्वापाच घ्या. सेलचे व्होल्टेज ६ असेल तर दिवसाला १२० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर १,०८० रुपये. रेक्टिफायरचा (एसीचा डीसी करणाऱ्या यंत्राचा) आणि पंपाचा खर्च वेगळा.

आता तेच पाणी पूर्ण जाळायचे ठरवले तर? एक किलो सीओडीला तत्त्वतः ३,३५० अँपिअर-तास लागतात. रोजचे २५ किलो, आणि करंटची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर १,६७,५०० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे १,००० युनिट आणि ९,००० रुपये रोज. शेवटी शेवटी कार्यक्षमता घसरते, त्यामुळे खरा आकडा याहून जास्तच येईल. हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून व्यवस्थापनाला दाखवा.

याच कारणासाठी शहराच्या मैलापाण्यावर ही पद्धत मी सुचवणार नाही. तिथे औषधे अतिविरळ असतात आणि पाणी अफाट. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्रक्रिया केंद्रांवर ८० टक्के सूक्ष्म प्रदूषके काढणे बंधनकारक केले. तिथे ओझोन आणि सक्रिय कार्बन वापरतात, आणि ते योग्यच आहे.

पायरी ७: हायड्रोजन आणि क्लोरीन

कॅथोडवर हायड्रोजन सुटतो. वरच्या उदाहरणात १,२५० अँपिअरला ३० अंशांवर ताशी सुमारे ०.५८ घनमीटर. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. त्याला १ टक्क्याखाली ठेवायला ताशी किमान ५८ घनमीटर हवा लागते. ब्लोअर याच्या कित्येक पट घ्या. छताखाली कोंडलेली जागा नको, हायड्रोजन सेन्सर सर्वांत वर लावा, आणि ब्लोअर बंद पडला की रेक्टिफायर आपोआप बंद होईल असा इंटरलॉक ठेवा. बायपोलर सेलमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या सेलच्या रचनेत) बाहेरून मोजलेला करंट प्रत्येक सेलमधून जातो. त्याला सेलच्या संख्येने गुणल्याशिवाय हायड्रोजनचा हिशेब करू नका.

कॅथोडवर कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर साचतो, तो विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात. धुण्याआधी सेलमधले पाणी पूर्ण काढा आणि साध्या पाण्याने खळबळा. आत हायपोक्लोराइट उरले असताना आम्ल घातले तर क्लोरीन वायू उसळतो आणि माणूस जागीच कोसळू शकतो. ही सूचना सेलवर मराठीत आणि हिंदीत रंगवून घ्या, आणि प्रत्येक नव्या ऑपरेटरला तोंडी समजावून सांगा.

पायरी ८: जैविक टाकीकडे सोपवणे

सेलमधून आलेले पाणी सोडियम बायसल्फाइटने शांत करा, पीएच ७ च्या आसपास आणा आणि मगच जैविक टाकीत सोडा. पहिल्या दिवशीच सगळा प्रवाह सोडू नका. टाकीच्या एकूण भाराच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. प्रत्येक वाढीनंतर स्लजचा (टाकीतल्या जिवाणूंच्या गाळाचा) ऑक्सिजन घेण्याचा वेग मोजा. तो घसरला तर सेलमधून विषारी काहीतरी सुटते आहे. प्रवाह कमी करा आणि प्लेटची चाचणी पुन्हा लावा. आपल्या औषध उद्योगाच्या मानकांत माशांची चाचणीही आहे: न विरळलेल्या पाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. तिची वाट पाहत बसण्यापेक्षा स्लज आधी बोलतो.

वहीत रोज करंट, व्होल्टेज, प्रवाह, तापमान आणि फ्लोराइड लिहा. करंट तोच असताना व्होल्टेज हळूहळू चढत असेल तर आधी कॅथोडवरचा थर तपासा. धुतल्यावरही ते खाली येत नसेल तर ॲनोडचा लेप गेला असण्याची शक्यता आहे. व्होल्टेज ठीक असून फ्लोराइड कमी येत असेल, तर उत्पादन विभागात सॉल्व्हंट किंवा बॅच बदलली आहे का ते विचारा. ईटीपीला न कळवता असा बदल होणार नाही, अशी लेखी व्यवस्था प्लांट सुरू होण्याआधीच करून घ्या. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात या नव्या युनिटची नोंदही त्याच वेळी करून घ्या.